ताजे यीस्ट अडले, जुने एन्झाइम सुटले : नाशिकच्या एका आयातीचे प्रकरण

२०२४ च्या जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, दिंडोरी तालुक्यात पांढऱ्या वाइनच्या द्राक्षांची तोडणी ऐन भरात असताना, न्हावा शेवा बंदराजवळच्या एका कंटेनर फ्रेट स्टेशनच्या, म्हणजे कंटेनरमधला माल उतरवून तपासणीसाठी ठेवण्याच्या आवाराच्या, शेडमध्ये फ्रान्सहून आलेला दोन पॅलेट माल पडून होता. त्यात वाइनचे यीस्ट होते, रस काढताना वापरायचे एन्झाइम होते आणि यीस्टला देण्याचे थोडे पोषक द्रव्य होते. मालाची एकूण किंमत एखाद्या मध्यम गाडीइतकीही नव्हती, पण त्यावर पाच-सहा वायनरींच्या टाक्या अवलंबून होत्या. या मालाचे पुढे काय झाले आणि का झाले, याची नोंद येथे सविस्तर करीत आहे. आयातीच्या कागदपत्रांचा सल्लागार म्हणून मला या प्रकरणात उशिरा, म्हणजे माल अडल्यावर बोलावले गेले. संबंधितांची नावे देण्याचे कारण नाही.

आयातदार ही अंबड औद्योगिक वसाहतीतली एक छोटी फर्म आहे. मालक, हिशेब पाहणारी एक बाई, गोदामाचा एक मुलगा आणि माल पोचवणारे दोघे, एवढाच कारभार. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, विंचूरला वाइन पार्क झाला आणि नाशिकच्या आसपास लहान-मोठ्या वायनरी उभ्या राहिल्या. त्यांना बुचे, गाळणीचे कागद, रसायने आणि यीस्ट पुरवण्याचा एक जोडधंदाही त्याबरोबर वाढला, आणि ही फर्म त्यातलीच. आयात-निर्यात कोड, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाचा परवाना, बँकेची नोंदणी, सगळे कागद वेळच्या वेळी नूतनीकरण केलेले होते. हे आधीच सांगतो, कारण माल अडला म्हणजे कागद अपुरे असणार, असा पहिला समज सर्वांचाच होतो. येथे तसे नव्हते.

यीस्टचे महत्त्व समजल्याशिवाय पुढची धावपळ कळणार नाही. द्राक्षाच्या सालीवर यीस्ट असतेच, पण त्याच्या भरवशावर दहा हजार लिटरची टाकी कोणी सोडत नाही. शंभर लिटर रसाला साधारण वीस ते तीस ग्रॅम कोरडे यीस्ट लागते, म्हणजे अशा एका टाकीला दोन ते तीन किलो. त्या दिवशी शेडमध्ये अर्ध्या किलोच्या २४० व्हॅक्यूम पुड्या, एकूण १२० किलो यीस्ट होते. शंभर लिटरला पंचवीस ग्रॅम धरले तर ते ४ लाख ८० हजार लिटर रसाला पुरले असते. पुडी विटेसारखी टणक असते, आणि ती मऊ लागली तर आत हवा शिरली असे समजायचे. वायनरीतले वाइनमेकर पुडी हातात आली की आधी अंगठ्याने दाबून पाहतात. तारीख, लेबल, नाव याकडे त्यांचे लक्ष नंतर जाते, किंवा जातच नाही.

मालाची मागणी सप्टेंबरात नोंदवली होती आणि डिसेंबरच्या सुरुवातीला तो पुरवठादाराच्या गोदामातून निघाला. एवढ्या मालाला पूर्ण कंटेनर लागत नसल्यामुळे तो इतरांच्या मालाबरोबर एकत्र, म्हणजे धंद्याच्या भाषेत एलसीएल पद्धतीने, भूमध्य समुद्रावरच्या एका बंदरातून जहाजावर चढला. नेहमीप्रमाणे सुएझ कालव्यातून आला असता तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात न्हावा शेवाला लागला असता. पण नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले होते आणि डिसेंबरच्या मध्यापासून मोठ्या जहाज कंपन्यांनी आपली जहाजे आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपमार्गे न्यायला सुरुवात केली. त्यात सुमारे दोन आठवडे गेले. उशिराचे हे कारण खरे आहे, पण पुढे बैठकीत मालक सगळा दोष जहाजावर टाकू लागले तेव्हा मला त्यांना थांबवावे लागले. जहाज वेळेवर आले असते तरी माल अडलाच असता, फक्त हंगामाच्या तोंडावर अडला नसता.

माल उतरल्यावर सीमाशुल्काच्या संगणकीय यंत्रणेत बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचे घोषणापत्र, दाखल झाले. २०२० पासून देशभर लागू झालेल्या चेहराविरहित मूल्यांकन पद्धतीत कागद तपासणारा अधिकारी दुसऱ्या एखाद्या बंदरावरही बसलेला असू शकतो, त्यामुळे ओळखीच्या टेबलाशी जाऊन समजावून सांगण्याची सोय उरलेली नाही. खाद्यपदार्थ असल्याने कागद एकाच खिडकीतून एफएसएसएआयकडे गेले, आणि लाकडी पॅलेट असल्याने वनस्पती संगरोधाचा, म्हणजे लाकडातून कीड देशात शिरू नये यासाठीच्या तपासणीचा, प्रश्न निघाला.

पॅलेटचे प्रकरण लवकर मिटले. लाकडी वेष्टनासाठी आयएसपीएम-१५ हा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. लाकूड ५६ अंश सेल्सिअसला सलग तीस मिनिटे तापवलेले असावे किंवा धुरी दिलेले असावे, आणि त्यावर कणसाच्या चित्राचा शिक्का, देशाची अक्षरे आणि उपचाराचा प्रकार उमटवलेला असावा. दोन पॅलेटपैकी एकावर शिक्का होता. दुसऱ्यावर नव्हता, कारण एकत्रीकरणाच्या गोदामात मूळ पॅलेट मोडल्यावर कोणीतरी हाताला लागेल ते दुसरे पॅलेट खाली सरकवले होते. सीएचएच्या, म्हणजे सीमाशुल्काची कामे करून देणाऱ्या दलालाच्या, माणसाने मालासकट धुरी देऊन टाकू, असे सुचवले. जिवंत यीस्ट आणि खाद्य एन्झाइम मिथाइल ब्रोमाईडच्या धुरीत ठेवण्याची कल्पना कोणालाही पटण्यासारखी नव्हती. माल प्लॅस्टिकच्या पॅलेटवर घेतला, रिकाम्या लाकडाला धुरी दिली, दोन दिवस आणि थोडे पैसे गेले. शिक्क्याचे एक छायाचित्र माल निघण्यापूर्वी मागवले असते तर तेही गेले नसते.

खरा वाद दोन वस्तूंवर झाला, आणि दोन्हींत निकाल सर्वांच्या अंदाजाच्या उलट लागला.

पहिली वस्तू एन्झाइम. डब्यावर उत्पादनाचा महिना ऑक्टोबर २०२२ आणि मुदत संपण्याचा महिना ऑक्टोबर २०२४, असे दोन्ही स्वच्छ छापलेले होते. एकूण आयुष्य चोवीस महिने आणि माल बंदराला लागला तेव्हा शिल्लक जेमतेम नऊ महिने. टक्केवारीत सदतीस-अडतीस. सीएचएने फोनवर सांगून टाकले, "साहेब, एन्झाइम गेलं समजा. साठ टक्के आयुष्य शिल्लक लागतं. सगळे साठ टक्केच धरतात." मालकांनी ते मान्यही केले होते आणि पुरवठादाराला जुना माल पाठवल्याबद्दल कडक पत्र लिहायला घेतले होते.

साठ टक्क्यांचा हा आकडा बंदरावर इतका रुळलेला आहे की नियम पुन्हा उघडून वाचण्याची गरज कोणाला भासत नाही. जुन्या आयात धोरणात ती अट सरसकट होती, त्यामुळे जुन्या माणसांचे फारसे चुकते असेही नाही. परंतु अन्न सुरक्षा व मानके (आयात) विनियम, २०१७ मधले शब्द वेगळे आहेत. आयातीच्या वेळी मालाचे शिल्लक आयुष्य साठ टक्के, किंवा मुदत संपण्यापूर्वी तीन महिने, यांपैकी जे कमी असेल तेवढे असले पाहिजे. 'जे कमी असेल ते' या शब्दांत सगळा फरक आहे. चोवीस महिन्यांचे साठ टक्के म्हणजे सव्वाचौदा महिन्यांहून थोडे अधिक. ते आणि तीन महिने यांत कमी तीन महिने. एन्झाइमचे नऊ महिने शिल्लक होते, म्हणजे अटीच्या तिप्पट. हिशेब पुढे नेला तर असे दिसते की ज्या मालाचे एकूण आयुष्य पाच महिन्यांहून अधिक आहे, त्याला साठ टक्क्यांचा निकष कधीच लागू पडत नाही. त्याला तीन महिन्यांचाच लागतो. साठ टक्के उरतात ते फक्त चीज, ताजे सॉस अशा अल्पायुषी वस्तूंसाठी. आम्ही विनियमाचे ते कलम, डब्यांची छायाचित्रे आणि चार ओळींचा हिशेब जोडून दिला. प्राधिकृत अधिकाऱ्यांनी त्यावर एकही प्रश्न विचारला नाही. नमुना घेतला, प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि एन्झाइमला ना हरकत मिळाली. पोषक द्रव्यही त्याच रांगेतून सुटले.

दुसरी वस्तू यीस्ट, आणि त्याबद्दल कोणाच्याही मनात शंका नव्हती. माल ताजा, कारखाना नावाजलेला, मुदत मार्च २०२७ पर्यंत. दृश्य तपासणीच्या दिवशी मी स्वतः शेडमध्ये होतो. खोक्यातून एक पुडी काढली. समोरच्या बाजूला चांदीच्या कागदावर नाव आणि वजन. मागे फ्रेंच, इंग्रजी, स्पॅनिशमध्ये वापरण्याच्या सूचना. आणि खालच्या शिवणीजवळ इंकजेट यंत्राने उमटवलेली ठिपक्याठिपक्यांची एकच ओळ. त्या ओळीत सुरुवातीला लॉटचा, म्हणजे उत्पादनाच्या खेपेचा, सांकेतिक क्रमांक होता आणि त्यापुढे, अमुक महिन्याअखेर वापरणे उत्तम या अर्थाची तीन इंग्रजी आद्याक्षरे आणि ०३/२०२७. एवढेच. अधिकाऱ्यांनी पुडी उलटीपालटी केली, खोके पाहिले, आणि विचारले, "उत्पादनाची तारीख कुठे आहे?"

ती कुठेच नव्हती. लॉटच्या आकड्यात ती दडलेली होती. त्यातला पहिला अंक वर्षाचा आणि पुढचे तीन अंक वर्षातल्या दिवसाचे, त्यावरून माल मार्च २०२३ मधला असल्याचे पुरवठादाराने नंतर पत्राने कळवले. कारखान्याच्या माणसाला ते एका नजरेत वाचता येते. पण लेबल कारखान्याच्या माणसासाठी नसते.

येथे दोन देशांच्या कायद्यांच्या सवयी एकमेकींवर आदळल्या. युरोपीय संघात ग्राहक माहितीचा २०११ चा नियम खाद्यपदार्थावर किमान टिकाऊपणाची तारीख मागतो. माल कधी बनला हे छापण्याची सर्वसाधारण सक्ती तेथे नाही. आपल्याकडे अन्न सुरक्षा व मानके (लेबलिंग आणि प्रदर्शन) विनियम, २०२० नुसार उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख, दोन्ही लेबलवर लागतात. शिवाय 'बेस्ट बिफोर' हा मजकूर आपल्याकडे ऐच्छिक, जादा माहिती म्हणून चालतो. मुदत संपण्याच्या तारखेची जागा तो घेऊ शकत नाही. म्हणजे पुडीवर एक गोष्ट नव्हती आणि जी होती ती चुकीच्या नावाने होती. हा माल किरकोळ विक्रीचा नाही, वायनरीला देण्याचा आहे, हा मुद्दा आम्ही मांडला. पण बिगर-किरकोळ वेष्टनालासुद्धा काही माहिती अंगावर असावीच लागते आणि तारीख त्यात मोडते. ती केवळ बिलासोबतच्या कागदावर असून भागत नाही.

मग सीएचएने नेहमीचा उपाय काढला, स्टिकर लावू. आयात केलेल्या खाद्यपदार्थाच्या लेबलमधल्या काही उणिवा सीमाशुल्काच्या ताब्यातल्या गोदामातच दुरुस्त करू देतात. आयातदाराचे नाव-पत्ता, एफएसएसएआयचे बोधचिन्ह व परवाना क्रमांक, शाकाहाराचा हिरवा ठिपका या गोष्टी मूळ मजकूर न झाकता, निघणार नाही अशा एका स्टिकरने मुख्य दर्शनी भागाशेजारी लावता येतात. त्या तिन्ही गोष्टींचे स्टिकर फर्मने नाशिकहून छापून आणलेच होते. तारखेचे तसे नाही. त्यामागचे कारणही समजण्याजोगे आहे: परवाना क्रमांक आयातदाराचा असतो, तो आयातदाराने लावला तर त्यात खोटे काही नाही, तारीख ही कारखान्याची साक्ष असते, आणि ती बंदरावर भारतीय आयातदाराच्या हातून चिकटवू द्यायची तर उद्या कोणीही कोणत्याही मालावर कोणतीही तारीख चिकटवील. व्यापाऱ्यांना हा नियम जाचक वाटतो. मला तो तसा वाटत नाही, आणि त्या दिवशीही वाटला नाही, जरी मी विरुद्ध बाजूने बोलत होतो.

तरीही एक निवेदन आम्ही दिले, आणि त्यातला युक्तिवाद अजूनही मला चुकीचा वाटत नाही. मालाचे आयुष्य पाच महिन्यांहून अधिक असेल तर शिल्लक मुदत ठरवायला उत्पादनाची तारीख लागतच नाही, हे एन्झाइमच्या वेळी सिद्ध झाले होते. मार्च २०२७ हा महिना डोळ्यांनी दिसत होता, म्हणजे तीन वर्षांहून अधिक शिल्लक होते. ज्या हिशेबासाठी ती तारीख हवी, तो हिशेब तिच्याविना पुरा होत होता. उत्पादकाचे पत्र आणि विश्लेषण प्रमाणपत्र, दोन्हींवर मार्च २०२३ होते. यावर अधिकाऱ्यांनी दिलेले उत्तर थोडक्यात होते आणि मी ते पुढच्या प्रत्येक अशिलाला ऐकवले आहे: शिल्लक आयुष्याचा नियम वेगळा, लेबलचा नियम वेगळा, एक पाळला म्हणून दुसरा माफ होत नाही. लेबलची दुरुस्त न होणारी उणीव असल्यामुळे यीस्टचा नमुनाच घेतला गेला नाही. कायद्याने प्रयोगशाळेला अहवालासाठी पाच दिवस दिलेले आहेत, पण यीस्ट त्या दारापर्यंत पोचलेच नाही. म्हणजे मालाच्या गुणवत्तेबद्दल कोणी एक शब्दही उणा बोलले नाही. जुने एन्झाइम दोन ओळींच्या जोरावर बाहेर पडले आणि ताजे यीस्ट एका ओळीपायी आत राहिले.

येथे थोडे विषयांतर करतो. नाशिकला हा प्रकार नवा वाटायला नको होता. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचा, बागायतदारांच्या भाषेत सीसीसीचा, अंश मर्यादेपेक्षा अधिक सापडला आणि कंटेनर अडले. त्या फटक्यानंतर निफाड-दिंडोरीचा बागायतदार रेसिड्यूच्या, म्हणजे फळात उरणाऱ्या औषधाच्या अंशाच्या, तक्त्यातला औषधांचा एकेक रकाना पाठ म्हणू लागला. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेच्या ग्रेपनेट या संगणकीय नोंदणीत प्लॉटची नोंद, नमुना, अहवाल, पॅकहाउसचा क्रमांक, हे सगळे त्याला आता सवयीचे आहे. दुसऱ्या देशाचा नियम हा हुज्जत घालण्याचा विषय नाही, छाटणीपासून पाळण्याचा विषय आहे, हे निर्यातीत आपण शिकलो. आयातीत मात्र तोच नाशिककर असे धरून चालतो की माल युरोपातला आहे म्हणजे आपल्या बंदरावर त्याला कोण काय विचारणार.

इकडे वायनरींचे फोन सुरू होते. शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाची साखर बावीस ब्रिक्सवर (रसातल्या साखरेचे माप) गेली होती आणि दिवसागणिक चढत होती. एका वायनरीच्या मालकांनी आयातदाराला विचारले, "भाऊ, तुमच्या कस्टमची वाट बघत द्राक्षं वेलीवर थांबणार आहेत का?" याला उत्तर नव्हते. फर्मच्या गोदामात मागच्या हंगामातल्या चोवीस पुड्या उरल्या होत्या, त्या पहिल्या दोन टाक्यांना गेल्या. काही पुड्या शेजारच्या वायनरींकडून हातउसन्या आणल्या. यीस्टचे हातउसने हा या धंद्यातला जुना शिष्टाचार आहे, हंगामात कोणी कोणाला नाही म्हणत नाही. बाकीचे यीस्ट देशातल्याच दुसऱ्या एका साठेदाराकडून चढ्या भावाने घेतले. ते वेगळ्या जातीचे होते. त्याला आंबण्याच्या वेळी थोडे अधिक तापमान मानवते, आणि वास जरा कमी फळाळ येतो. एका वाइनमेकरने ते वापरायला साफ नकार देऊन तोडणीच चार दिवस पुढे ढकलली. तो निर्णय बरोबर होता की नाही, हे बाटली उघडणाराच सांगू शकेल.

बंदरावरच्या यीस्टसमोर तीन वाटा होत्या. फेरविचाराचा अर्ज करून पाठपुरावा करणे, माल परत पाठवणे, किंवा त्यावर पाणी सोडणे. फेरविचारात जिंकण्याची आशा मला दिसत नव्हती, आणि तोवर शेडचे भाडे चालूच राहिले असते. परत पाठवण्याचा हिशेब मजेशीर निघाला. एलसीएलमध्ये जागा थोडी असली तरी भाडे किमान एका घनमीटरचे लागते. त्यात दोन्हीकडची हाताळणी, कागद, पुन्हा केपमार्गे लांबलेला प्रवास, आणि एवढे करून पुरवठादार तो माल परत घेऊन नवा देईल याची लेखी हमी नाही. बारा खोक्यांसाठी हे परवडत नव्हते.

राहिला तिसरा मार्ग. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम २३ नुसार, देशांतर्गत वापरासाठी माल सोडण्याचा आदेश होण्यापूर्वी मालक मालावरचा हक्क सोडू शकतो, आणि मग त्यावर शुल्क द्यावे लागत नाही. मात्र ज्या मालाबाबत गुन्हा झाल्याचे दिसते त्याला ही सवलत नाही. सीएचएला भीती होती ती याच वाक्याची. लेबलची उणीव ही गैरमार्गाने केलेली आयात ठरवली तर जप्ती, दंड असे पुढचे शब्द येऊ लागतात. आम्ही सगळा पत्रव्यवहार मांडला. मालाचे वर्णन, किंमत, वजन, उगम यांत लपवाछपवी कुठेच नव्हती आणि उणीव आयातदाराने स्वतः मान्य केली होती. हक्कत्याग स्वीकारला गेला. कलम १४९ खाली बिल ऑफ एन्ट्रीत दुरुस्ती करून यीस्टची ओळ वेगळी काढली, तेव्हा कुठे एन्झाइम आणि पोषक द्रव्य शेडमधून हलले. ते टेम्पोने कसारा घाट चढून अंबडला पोचले तेव्हा फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता. यीस्ट पुढे देखरेखीखाली नष्ट झाले. चार लाखांहून अधिक लिटर रस आंबवण्याची ताकद असलेला निर्दोष माल, एका ओळीपायी. हळहळ वाटते, यात शंका नाही.

नंतर मी फर्मची जुनी फाइल काढून बसलो, कारण एक गोष्ट जुळत नव्हती. याच पुरवठादाराचे यीस्ट आधीच्या दोन हंगामांत विनाअडथळा आले होते. गोदामातल्या मुलाने कचऱ्याच्या कोपऱ्यातून जुनी रिकामी पुडी शोधून आणली आणि उलगडा झाला. जुन्या पुडीच्या शिवणीजवळ ठिपक्यांच्या दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत उत्पादनाचा महिना, खालच्या ओळीत लॉट आणि मुदत. २०२३ मध्ये कारखान्याने पॅकिंगची लाइन बदलली, कागदाची रचना नवी केली आणि वरची ओळ गळाली. कारखान्याने हे चोरून केले नव्हते. जूनमध्ये त्यांनी नव्या पुडीचे चित्र मंजुरीसाठी ईमेलने पाठवले होते. त्याखाली फर्मचे उत्तर होते, एकच शब्द, 'ओके'. मालकांना विचारले तर म्हणाले, रंग चांगला वाटला. चित्रात तारखेच्या जागी नमुन्याची एकच ओळ होती आणि ती दिसत होती, पण ती मोजायची असते हे कोणाला माहीत नव्हते. माझ्या मते या प्रकरणात माल अडला तो जानेवारीत शेडमध्ये नाही, त्या जूनच्या दुपारी.

पुढच्या हंगामासाठी मागणीपत्रात एक परिच्छेद वाढवला: वेष्टनावर उत्पादनाचा महिना, मुदत संपण्याचा महिना, आणि मुदतीच्या महिन्यापुढे 'एक्सपायरी' हा शब्द, पॅलेटच्या दोन्ही बाजूंचे शिक्के, आणि माल निघण्यापूर्वी प्रत्येक लॉटच्या एका पुडीचे व पॅलेटचे छायाचित्र. हे न आल्यास पैसे सोडायचे नाहीत, असे बँकेच्या कागदातही घालून घेतले. पुरवठादार सुरुवातीला कुरकुरला. एवढ्याशा गिऱ्हाइकासाठी नवा कागद छापणे परवडणार नाही, असे त्यांनी कळवले. कागद बदलायचाच नाही, फक्त इंकजेट यंत्राच्या मजकुरात एक ओळ वाढवायची आहे, हे जुन्या पुडीच्या छायाचित्रासह लिहिल्यावर दोन दिवसांत होकार आला. मागणीही सप्टेंबरऐवजी जुलैत नोंदवली, म्हणजे जहाज कोणत्याही वाटेने आले तरी दिवाळीनंतर माल हातात असावा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये छायाचित्रे आली. मी आणि हिशेबाच्या बाईंनी ती मोठी करून पाहिली. दोन ओळी होत्या, शब्द बरोबर होता, पॅलेटवर कणसाचा शिक्का होता. माल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अंबडला पोचला. जानेवारीत मी दिंडोरीच्या त्या वायनरीत दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो, तेव्हा वाइनमेकर हंगामातली पहिली पुडी घेऊन टाकीजवळ उभे होते. त्यांनी शिवणीजवळच्या ओळींकडे पाहिले नाही. पुडी अंगठ्याने दाबली, टणक आहे अशी मान हलवली, कात्रीने कोपरा कापला आणि कोमट पाण्याच्या बादलीत यीस्ट हळूहळू सोडायला सुरुवात केली.